न्यू जर्सीत शिक्षक होताना: मेंटरचं वर्ष आणि त्यानंतरचं सर्टिफिकेट

चौकटीची_वही

मंडळी, परवा माझं स्टँडर्ड सर्टिफिकेट (शिक्षकाचं कायमचं प्रमाणपत्र) राज्याच्या पोर्टलवर दिसायला लागलं. कागदपत्रं गोळा करायला सुरुवात केली तेव्हापासून मोजलं तर साडेचार वर्षं झाली. या काळात इथल्या जुन्या धाग्यांचा फार आधार वाटला. पण नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल, म्हणजे मेंटरिंगबद्दल (अनुभवी शिक्षकाने नव्या शिक्षकाला सोबत करणं), मराठीत सविस्तर काही सापडलं नाही. त्या वर्षी मी बरंच काही उगाच घाबरत केलं. म्हणून हा धागा.

माझी पार्श्वभूमी: सांगली जिल्ह्यात बी.एस्सी., मग बी.एड., आणि सहा वर्षं माध्यमिक शाळेत गणित. लग्नानंतर इकडे. ईएडी (इथे काम करायचा परवाना) मिळाल्यावर आधी सब्स्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षक, म्हणून कामं केली, आता एका पब्लिक (म्हणजे इथे सरकारी) मिडल स्कूलमध्ये गणित शिकवते.

आधी सांगाडा सांगते, कारण नावांनीच डोकं फिरतं. न्यू जर्सीत नव्या शिक्षकाला पहिल्यांदा मिळतं ते पात्रता प्रमाणपत्र. त्याचे दोन प्रकार. शिक्षक-प्रशिक्षणाचा मान्य अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना सीईएएस, आणि ज्यांच्याकडे पदवी आहे, विषय आहे, पण इथल्या हिशेबाने प्रशिक्षण व्हायचंय त्यांना सीई. दुसऱ्या वाटेला 'आल्टरनेट रूट' म्हणतात. राज्याने ती 1985 मध्ये, थॉमस केन गव्हर्नर असताना सुरू केली. या दोन्ही प्रमाणपत्रांचा अर्थ एवढाच की तुम्ही नोकरी शोधायला पात्र आहात. त्यांना मुदत नसते.

पुढचं प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं. ते आपण अर्ज करून घ्यायचं नसतं. शाळेने नेमणूक केली की डिस्ट्रिक्ट ऑफिस (स्थानिक सरकारी शाळांचा कारभार बघणारं) आपली नोंद करतं, मग ते मिळतं, दोन वर्षांसाठी. आणि शेवटी स्टँडर्ड, म्हणजे कायमचं. त्यासाठी मेंटरिंग पूर्ण हवं, तीन वर्षांच्या आत दोन वार्षिक मूल्यमापनांत 'इफेक्टिव्ह' किंवा 'हायली इफेक्टिव्ह' शेरा हवा, आणि माझ्यासारख्या सीईवाल्यांना त्याशिवाय प्रशिक्षणाचे 400 तास. त्यातले पहिले 50 वर्गात पाय ठेवण्याआधीचे. उरलेले मी नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि शनिवारी केले. मुलगी तेव्हा पहिलीत होती, घरच्यांनी खूप सांभाळून घेतलं.

आता मेंटरिंग. पूर्णवेळ शिक्षकाला किमान 30 आठवडे, एकास एक. सीईवाल्यांना पहिले आठ आठवडे दर आठवड्याला निदान एक भेट झालीच पाहिजे, सीईएएसवाल्यांना पहिले चार. प्रत्येक भेटीची लॉगमध्ये नोंद. मेंटर हा किमान तीन वर्षं अनुभव असलेला, चांगला शेरा मिळालेला शिक्षकच असतो, आणि (हे मी ठळक अक्षरात लिहिते आहे) मेंटर तुमचं मूल्यमापन करत नाही. त्याने तुमच्याबद्दलचं बोलणं गोपनीय ठेवायचं, असा नियमच आहे. मूल्यमापन करतात ते प्रिन्सिपल, व्हाइस प्रिन्सिपल, सुपरवायझर. ते वेगळ्या वेळी येतात, वेगळा फॉर्म भरतात.

हे मला कळायला ऑक्टोबर उजाडला. मी आपली बी.एड.च्या पाठांची सवय घेऊन गेले होते. मागच्या बाकावर कुणी वही घेऊन बसलं की ते गुण द्यायलाच बसलंय. माझ्या मेंटर, तीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या बाई, पहिल्यांदा वर्गात आल्या तेव्हा मी जणू पाठच घेतला. टाचण पाठ, फलकलेखन सुबक, एकही मूल वावगं बोललं नाही. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, छान झालं, पण रोज हा वर्ग असा असतो का? मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, मला रोजचा वर्ग बघू दे.

पुढच्या वेळी त्यांनी वर्गाचा नकाशा काढून आणला होता, बाकांचे चौकोन करून. मी जिथे जिथे चालले तिथे पेन्सिलने रेघ. तास संपल्यावर तो कागद माझ्यापुढे ठेवला. सगळ्या रेघा फळा आणि खिडकीकडच्या दोन रांगा यांच्यामध्ये. दाराजवळच्या आठ मुलांपर्यंत चाळीस मिनिटांत एकही रेघ गेली नव्हती. त्या काहीच बोलल्या नाहीत. तो कागद अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

नवी_पाटी

ताई, मनापासून आभार. माझी परिस्थिती तुमच्यासारखीच आहे, फक्त मी अजून पहिल्या पायरीवर. पुणे विद्यापीठाची बी.एस्सी. (तीन वर्षं) आणि बी.एड. दोन प्रश्न: 1. तीन वर्षांची पदवी चालते का? 2. मला बी.एस्सी.ला 58 टक्के होते आणि इथे 3.0 जीपीए (पदवीच्या श्रेणींची सरासरी) मागतात, म्हणजे माझा पत्ता कटच ना?

चौकटीची_वही

@नवी_पाटी, पत्ता कट वगैरे अजिबात नाही. परदेशी पदवीचं प्रत्येक विषयागणिक मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि ते करणारी संस्था आपल्या टक्क्यांचं इथल्या श्रेणीत रूपांतर करते. आपल्याकडचे 58 टक्के आणि इथले 58 टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्यांना ठाऊक असतं. माझेही साठच्या आसपासच होते.

तीन वर्षांच्या पदवीबाबत संस्थासंस्थांत फरक आहे. पैसे भरण्याआधी त्यांना लेखी विचारा: माझी ही पदवी, हे विद्यापीठ, हे वर्ष, तुम्ही पूर्ण बॅचलर्स धराल का? आणि अहवाल 'कोर्स बाय कोर्स'च मागा. साधा अहवाल स्वस्त पडतो पण शिक्षक प्रमाणपत्राला उपयोगाचा नाही, कारण त्यांना विषयाचे क्रेडिट (अभ्यासक्रमाच्या भारांकाचे गुण) मोजायचे असतात. एखाद्या विषयाच्या प्रमाणपत्राला त्या विषयातले 30 क्रेडिट लागतात, त्यातले 12 वरच्या पातळीचे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर इथे कामी येतात.

मुख्य म्हणजे गावी कुणाला तरी विद्यापीठात पाठवून गुणपत्रिका सीलबंद पाकिटात मिळवण्याची तजवीज आत्तापासून करा. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. वडिलांनी तीन खेपा घातल्या.

हिरवळ

खूप छान धागा. परीक्षांबद्दल पण लिहा ना. प्रॅक्सिस (शिक्षकांसाठीच्या परीक्षा) किती द्याव्या लागतात? आणि ती एडटीपीए, वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ पाठवायची चाचणी, अजून आहे का? मैत्रिणीने 2019 मध्ये केली तेव्हा रडकुंडीला आली होती.

चौकटीची_वही

एडटीपीएची राज्याची सक्ती गेली, 2022 च्या डिसेंबरात कायदा झाला. वाचन-लेखन-गणिताची जी प्राथमिक कौशल्य चाचणी असायची, प्रॅक्सिस कोअर, तीही 1 जानेवारी 2025 पासून प्रमाणपत्रासाठी लागत नाही. राहिली ती विषयाची प्रॅक्सिस. तिचे नंबर बदलत असतात, त्यामुळे जुन्या धाग्यातला नंबर पाहून पुस्तक विकत घेऊ नका, राज्याच्या पानावर बघूनच घ्या.

गणित आपल्याला अवघड नाही. पण मिडल स्कूलच्या पेपरात विद्यार्थ्याने चूक का केली असेल, असे प्रश्न असतात. तिथे सरावाची गरज लागते.

खडूची_भुकटी

मी सीईएएसवाला (इथेच मास्टर्स केलं). एक भर घालतो. मेंटरची फी नव्या शिक्षकाच्या पगारातून जाते, हे आधी कुणी सांगत नाही. मला 550 डॉलर पडले, सीईवाल्यांना 1000. राज्याने निधी दिला नाही तर जबाबदारी नव्या शिक्षकाची, असा नियम आहे. पण डिस्ट्रिक्टला हवं असेल तर ते स्वतः भरू शकतात आणि काही भरतातही. ऑफर आली की सही करायच्या आधी हे नक्की विचारा. आणि पैसे थेट मेंटरला द्यायचे नाहीत, ऑफिसमार्फतच जातात.

माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षाच्या शिक्षकाकडून हे पैसे घेणं चूक आहे. त्या वर्षी तो स्वतःच्या खिशातून वह्या, मार्कर, वर्गासाठी पुस्तकं आणत असतो. शिक्षक मिळत नाहीत म्हणून परीक्षा काढून टाकल्या, मग ही फी का ठेवली?

चौकटीची_वही

@खडूची_भुकटी, शंभर टक्के सहमत. माझे 1000 गेले, हप्त्याहप्त्याने. ते कापून आलेल्या पहिल्या पगाराच्या दिवशी मी गाडीत बसून रडले होते. पण एवढंही सांगते, की त्या बाईंनी माझ्यासाठी जे केलं त्याला ते पैसे पुरणारे नव्हते. रोज सकाळी सात वाजता त्या माझ्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

सातपुडा

मी नंदुरबार जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेत आहे. अमेरिकेशी संबंध नाही, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे शिक्षण सेवक योजना 2000 पासून. तीन वर्षं मानधनावर, मग नियमित. मी लागलो तेव्हा प्राथमिकला महिना 6,000 रुपये होते, 2023 मध्ये ते 16,000 झाले. तीन वर्षं समाधानकारक गेली की कायम. म्हणजे तुमचं प्रोव्हिजनल आणि आमचं शिक्षण सेवक हे कागदावर भावंडंच. पण मेंटर? माझी पहिली शाळा द्विशिक्षकी होती. पहिल्या दिवशी सोबतचे गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. चार वर्ग, एक खोली, आणि मुलं घरी भिली बोलणारी. मी मराठीत बोलतोय, ती माझ्याकडे बघतायत. कुणाला विचारू?

केंद्रप्रमुख चांगले माणूस होते, पण त्यांच्याकडे डझनभर शाळा आणि रोजची माहिती भरायची. आले की हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, दाखलखारीज. वर्गात बसायला त्यांना वेळच नसायचा. शेवटी मला शिकवलं ते आमच्या पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी. त्या दुपारी भांडी घासून झाली की दारात बसायच्या आणि मी म्हटलेलं मुलांच्या बोलीत सांगायच्या. मी ते शब्द एका वहीत लिहून घेतले. दोन वर्षांत ती दोनशे पानी वही भरली. ती पुढे नव्याने आलेल्या दोन शिक्षकांना दिली.

आमच्याकडे पात्रता तपासायला टीईटी आहे: 150 गुण, खुल्या गटाला 60 टक्के. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि सेवेत असलेल्यांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील तर, दोन वर्षांत टीईटी पास व्हा, असं झालं. पंचवीस वर्षं शिकवलेले सहकारी रात्री मोबाईलवर बालमानसशास्त्राच्या प्रश्नपत्रिका सोडवतायत. परीक्षा घ्यावी, माझा विरोध नाही. पण नव्या शिक्षकाच्या वर्गात पहिली तीस आठवडे एक अनुभवी माणूस येऊन बसेल, आणि तो अहवाल पाठवणार नाही, ही गोष्ट मला कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठी वाटते.

चौकटीची_वही

@सातपुडा दादा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. भाषेचं म्हणाल तर इथे माझीही तीच गत झाली, फक्त उलट्या बाजूने.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी मुलांना सांगितलं, घरी जाऊन 'रिव्हाइज' करा. दुसऱ्या दिवशी चार मुलांनी आधीचा गृहपाठ नव्याने लिहून आणला. आपण रिव्हाइज म्हणजे उजळणी म्हणतो, इथे रिव्हाइज म्हणजे लिहिलेलं सुधारून पुन्हा लिहिणं. मुलांनी सांगितलं तेच केलं होतं. 'डाउट' आहे का विचारलं की मुलं गप्प, कारण डाउट म्हणजे त्यांना अविश्वास वाटायचा. भागाकारात आपण भागफळ उजवीकडे लिहितो, इथे वर. मी फळ्यावर उजवीकडे लिहिलं आणि सगळा वर्ग गोंधळला.

हे सगळं मेंटरबाईंनी पकडलं. त्यांनी मला बदलायला सांगितलं नाही. म्हणाल्या, भागाकाराची तुझी पद्धत दाखव, पण 'मी जिथे शिकले तिथे असं लिहितात' हे आधी सांग. तो तास इतका रंगला. एका मुलाने घरून आजोबांची पद्धत लिहून आणली, ती तिसरीच निघाली.

ही बोलणी मी लॉगमध्ये 'भाषा व सूचना' एवढीच लिहिली. मूल्यमापन करणाऱ्याला मी कधी सांगितली असती का? नाही. म्हणून ते दोन माणसं वेगळी असणं इतकं महत्त्वाचं.

वाळवंटी_पाऊस

मी कॅलिफोर्नियात. इथे नाव इंडक्शन. आधी प्रिलिमिनरी क्रेडेन्शियल (सुरुवातीचं प्रमाणपत्र), पाच वर्षांचं, आणि त्या काळात दोन वर्षांचं इंडक्शन पूर्ण केलं की 'क्लिअर', म्हणजे पक्कं. आठवड्याला सरासरी किमान एक तास मेंटरचा. पहिल्या 60 दिवसांत तुमचा वैयक्तिक आराखडा तयार करायचा, आणि तो आराखडा नोकरीच्या मूल्यमापनासाठी वापरायचा नाही, हे राज्याच्या मानकांतच लिहिलंय. तेव्हा तुम्ही ठळक अक्षरात लिहिलेलं इथेही लागू.

आराखडा मात्र कागदी होण्याची भीती असते. माझ्या पहिल्या वर्षी मी 'विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवणे' असलं काहीतरी लिहिलं. मेंटरने खोडलं आणि विचारलं, कोणता विद्यार्थी? मग आम्ही दोन मुलांची नावं लिहिली आणि वर्षभर त्या दोघांवरच काम केलं.

पाऊलखूण

कनेटिकटमध्ये मी 'टीम' या नव्या शिक्षकांसाठीच्या कार्यक्रमातून गेले. वर्गाचं वातावरण, नियोजन, अध्यापन, मूल्यमापन आणि व्यावसायिक जबाबदारी, अशी पाच मोड्यूल. मी केलं तेव्हा दोन वर्षं लागली. एकेका मोड्यूलच्या शेवटी चिंतनपर लेख लिहायचा आणि तो दुसरेच प्रशिक्षित शिक्षक तपासायचे. माझा एक परत आला होता. शेरा असा की तुम्ही काय केलंत ते कळलं, मुलांमध्ये काय बदललं ते लिहिलेलं नाही. त्या वेळी राग आला. आता वर्गातल्या कामाकडे बघताना तोच प्रश्न आधी विचारते.

नवी_पाटी

एक भाबडा प्रश्न. स्टँडर्ड सर्टिफिकेट मिळालं की नोकरी कायम झाली ना?

खडूची_भुकटी

नाही! इथे बरेच जण फसतात. सर्टिफिकेट राज्य देतं, टेन्युअर (नोकरीतलं कायमपण) डिस्ट्रिक्टमध्ये मिळतं, आणि दोन्हींची घड्याळं वेगळी. 6 ऑगस्ट 2012 च्या कायद्यानंतर लागलेल्या शिक्षकांना टेन्युअरसाठी चार वर्षं लागतात. पहिलं वर्ष मेंटरिंगचं, आणि त्यानंतरच्या तीन वर्षांत निदान दोनदा इफेक्टिव्ह किंवा वरचा शेरा. मधे डिस्ट्रिक्ट बदललं तर सर्टिफिकेट तुमच्याबरोबर येतं, टेन्युअर येत नाही, ते नव्याने सुरू.

टेन्युअर नसलेल्यांची वर्षाला किमान तीन निरीक्षणं होतात, प्रत्येकी किमान 20 मिनिटं. त्याला घाबरू नका, पण प्रत्येक निरीक्षणानंतरची चर्चा लक्षात ठेवून लिहून काढा.

चौकटीची_वही

लिहून काढण्यावरून आठवलं, आणि हे सगळ्यांनी कृपा करून वाचा.

माझ्या मेंटरबाई फेब्रुवारीत शस्त्रक्रियेसाठी रजेवर गेल्या. दुसरे शिक्षक नेमले गेले, पण मधे थोडे दिवस गेले. जूनमध्ये ऑफिसमधून निरोप आला, तुमच्या लॉगची सहा आठवड्यांची पानं आमच्याकडे नाहीत. ती पानं बाईंनी रजेवर जाताना दिली होती, कुठेतरी फायलींत गेली असावीत. मी बाईंना फोन केला तेव्हा त्या घरी पडून होत्या. माझ्यामुळे त्यांना त्या अवस्थेत तारखा आठवत बसावं लागलं. मला फार अपराधी वाटलं.

मला वाचवलं ते माझ्या चौकटीच्या वहीने. सहा वर्षं शाळेत असताना लागलेली सवय, रोजच्या टाचणाच्या वहीत कोपऱ्यात काय झालं ते एका ओळीत. 'बाई आल्या, 5 वा तास, अपूर्णांक, दाराकडची रांग.' तारखा जुळवल्या, बाईंनी सह्या केल्या, प्रश्न सुटला.

तेव्हा: लॉगच्या प्रत्येक पानाचा सही झाल्या दिवशी मोबाईलवर फोटो. ऑफिसला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच ईमेलवर. 400 तासांच्या प्रत्येक सत्राची हजेरी तुमच्याकडेही. आणि दरवर्षीचं अंतिम मूल्यमापन सही झालं की त्याची प्रत घरी. स्टँडर्डसाठी शिफारस डिस्ट्रिक्टच करतं. त्यांच्याकडे दीडशे फायली असतात, तुमच्याकडे एकच.

हिरवळ

माझी बहीण ज्या खाजगी शाळेत आहे तिथे यातलं काहीच मागितलं नाही.

चौकटीची_वही

बरोबर, खाजगी शाळांना राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, ज्याची त्याची शाळा ठरवते. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. पण पुढे पब्लिक शाळेत यायचं असेल तर सीईचं काम समांतर चालू ठेवायला सांगा.

सातपुडा

ताई, एक विनंती होती. तो नकाशाचा कागद, चालण्याच्या रेघांचा. त्यासारखा कोरा आराखडा काढून फोटो टाकता येईल का? आमच्या केंद्रात यंदा तीन नवीन शिक्षण सेवक आलेत. दोघी मुली आहेत, घरापासून चारशे किलोमीटर लांब. मी काही त्यांचा साहेब नाही, माझी शाळा त्यांच्यापासून पाच किलोमीटरवर. केंद्रप्रमुखांना विचारलं, ते म्हणाले महिन्यातले दोन शनिवार जा, मी लिहून देतो. त्यांना सांगणार आहे की मी गुण द्यायला आलेलो नाही.

चौकटीची_वही

दादा, टाकते आजच. फक्त चौकोन काढायचे आणि फळा कुठे, दार कुठे एवढं लिहायचं. तुमच्याकडे बाक नसतील तर मुलं बसतात तशा पट्ट्यांच्या रांगा काढा. आणि पहिल्यांदा त्यांना *तुमच्या* वर्गात बोलवा, रेघा त्यांना काढू द्या. माझ्या बाईंनी तसंच केलं होतं, ते लिहायचं राहिलं.

सातपुडा

हे लक्षात नव्हतं आलं. येत्या शनिवारी आधी माझ्याच शाळेत बोलावतो. माझ्या रेघा कुठे जातात ते मलाही बघायचंय.